टकलाची राखण

“ही कुठं अंथरायची म्हणालास?”

“टकलावर,” माळी म्हणाला आणि बोलता बोलताच दोन पावलं मागं सरकला.

टेम्पोतून उतरवलेली हिरवळ पायवाटेच्या कडेला रचून ठेवली होती. पाहुणे गेल्यावर गाद्या गुंडाळून ठेवाव्यात तशा तिच्या वळकट्या. वरून हिरव्यागार, पोटाला बोटभर काळी माती चिकटलेली. आक्कानं हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही. ती त्या वळकट्यांकडे नुसती बघत राहिली. माळ्याला हे बघणं ठाऊक होतं. ज्या रोपट्याकडे आक्का असं बघायची त्याचं त्या दिवशी काही खरं नसायचं.

“माझ्याकडं डोळे वटारू नका, आक्का. मला वरून सांगितलंय.”

“वरून म्हणजे देवानं?”

“साहेबांनी.”

“मग एवढा घाबरतोस कशाला? देव टकलावर रोज काहीतरी पेरतो, ते मी रोज उपटते. साहेबांचं काय घेऊन बसलास.”

माळी हसला, पण वळकट्या तिथंच राहिल्या आणि तो साहेबांना बोलवायला गेला.

टक्कल म्हणजे जमिनीचा एक पट्टा. संस्था मातीचा अभ्यास करणारी. तिच्या इमारतीमागच्या उतारावर चार पट्टे शेजारी शेजारी आखलेले होते, चारही पट्ट्यांचा उतार एक, माप एक, आणि एकाचं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे पत्र्याच्या कडा ठोकलेल्या. पहिल्यावर झाडं होती. दुसऱ्यावर गवत. तिसरा दरवर्षी नांगरून पेरायचा. चौथा मात्र उघडा ठेवायचा. त्यावर गवताची काडीही उभी राहू द्यायची नाही. प्रत्येकाच्या पायथ्याशी सिमेंटचा हौद. पाऊस पडला की ज्याची माती त्याच्या हौदात उतरायची. मग ते पाणी ढवळायचं, बाटल्या भरायच्या, गाळ सुकवायचा, तोलायचा, भट्टीत तापवायचा, आणि त्यात सेंद्रिय कर्ब किती ते काढायचं. म्हणजे पानं, मुळं, किडामुंगी कुजून मातीत जे काळं सत्त्व उरतं, ते किती वाहून गेलं याचा हिशोब. रान तोडलं, शेत केलं, शेत सोडून दिलं, तर जमिनीचं काय होतं, हे त्या चार हौदांना विचारायचं.

चौथ्या पट्ट्याला टक्कल हे नाव कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. साहेबांच्या डोक्यावरून पडलं असेल, असं नवी माणसं म्हणत. ते खोटं. नाव पडलं तेव्हा साहेबांना भांग पाडायला आरसा लागत असे.

टक्कल राखायचं काम आक्काचं. तिनं ते पत्करलं तेव्हा तिच्या लग्नाचं अजून नाव निघालं नव्हतं. आता केस पिकले होते. टकलावर पाय ठेवायचा नाही, माती दबते. म्हणून पत्र्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब फळी टाकायची, फळीवर बसायचं, खाली वाकून कोंब उपटायचा, आणि उपटल्यावर त्याच्या मुळांना धरून आलेली माती जिथल्या तिथं झटकायची. माती जायची तर ती पावसानं न्यावी. माणसानं चिमूटभरही न्यायची नाही. मग फळी वीतभर पुढं. फेकायच्या आधी आक्का त्या कोंबाला कपाळाला लावायची. “माफ कर रे बाबा,” म्हणायची. कारण ती भाविक बाई होती, आणि देवानं जगात कुठलीच जमीन आपणहून उघडी ठेवलेली नाही, हे तिला कळत होतं. जखमेवर खपली धरावी तसं तो उघड्या मातीवर गवत धरतो. ती रोज सकाळी त्याच्या हाताविरुद्ध काम करायची, आणि रोज सकाळी त्याच्याशी तह करायची: तू घालायचं सोडू नकोस, मी काढायचं सोडत नाही. बघू कोण दमतं ते. दोघांचं इतकी वर्षं छान चाललं होतं.

साहेब आले ते टोपी घालून. ऊन चढलं होतं.

“आक्का, वाद नको. उद्या पाहुणे आहेत.”

“येऊ देत की.”

“त्यांच्या हातात या टेकडीचं भवितव्य आहे.” साहेबांनी कुंपणाकडे हात केला. कुंपणाला टेकून नव्या इमारती उभ्या होत्या. शहर दोन्ही अंगांनी वर चढत आलं होतं आणि मधे हा एवढा उतार राहिला होता. “टेकडी संस्थेकडं ठेवायची की घरांना द्यायची, ते हीच माणसं ठरवणार. ती काय वाचत बसणार नाहीत. ती बघणार. आणि जमीन वाचवा म्हणणाऱ्यांच्या दारात मधोमध ही खरूज दिसली तर काय म्हणतील?”

“खरूज?” आक्का म्हणाली. “हिला तुम्ही खरूज म्हणता?”

साहेबांनी नजर वळवली. तोंडातून गेलेला शब्द त्यांनाही आवडला नव्हता.

“दोनच दिवस अंथरू. पाहुणे गेले की काढू.”

“साहेब, हिच्या पोटाला परकी माती आहे. खत घालून पोसलेली. पाणी मारलं की ती खाली उतरणार. मग ती टकलातून वेगळी कशी काढायची? चाळणीनं?”

“नाही काढता येणार,” साहेब शांतपणे म्हणाले. “मला माहीत नाही का ते? हा पट्टा मी आखलाय, आक्का.”

ते खरं होतं, आणि म्हणूनच आक्काला जास्त लागलं. न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून करणाऱ्याला काय समजवायचं?

“तुम्हीच मला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं वरून पान पडलं नाही, खाली मूळ गेलं नाही, तरी टकलात थोडा कर्ब उरलाच आहे. पावसानं नेला नाही, किड्यांनी खाल्ला नाही. हट्टी आहे म्हणालात. त्याच्याकडूनच शिकायचंय म्हणालात, की माती धरून कशी राहते. तेव्हा या फळीवर माझ्या शेजारी बसून बोलत होतात.”

“तेव्हा टेकडीला गिऱ्हाईक नव्हतं.” साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. “टक्कल झाकलं तर टेकडी वाचेल.”

“आणि टक्कल झाकलं तर टेकडीवर वाचवायला काय उरेल? झाडं काय, कुठल्याही बागेत आहेत.”

साहेबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग साहेबांच्या आवाजात म्हणाले, “उद्या तुम्ही सुट्टी घ्या.”

आक्काचं माहेर अशाच एका उतारावर होतं. घराच्या वरचं रान तोडून वडलांनी शेत केलं, आणि सुरुवातीची पिकं अशी आली की जाणाऱ्यानं थांबून बघावं. माती काळी, लोण्यासारखी. तेव्हा घराचा उंबरठा अंगणाच्या बरोबरीला होता. रांगतं पोर सरळ बाहेर यायचं. मग कधीतरी वडलांनी उंबरठ्याखाली पाय टेकायला एक दगड ठेवला. पुढं त्या दगडाखाली दुसरा. आक्का लहान होती. तिला वाटायचं, आपलं घर मोठं होतंय. ती उंबरठ्यावरून अंगणात उडी मारायची, आणि उडी वाढत चालली म्हणून टाळ्या पिटायची. घर होतं तिथंच होतं. अंगण खाली चाललं होतं. घरात सहा डोळे होते, पण एकालाही दिसलं नाही. माती काही दार वाजवून निघून जात नाही. दिसलं तेव्हा नांगराच्या फाळाला खडक लागत होता.

संस्थेत आली त्या दिवशी एका दाट केसांच्या तरुण साहेबांनी तिला टकलाच्या मधोमध ठोकलेली लोखंडी सळई दाखवली होती. सळईचं डोकं जमिनीच्या बरोबरीला. “ही वर येताना दिसेल तुम्हाला,” ते म्हणाले होते.

“लोखंड कसं वर येईल?”

“लोखंड नाही येत. जमीन खाली जाते.”

आक्काला आपला उंबरठा दिसला होता. जगात कुणीतरी तो मोजायला बसलंय, हे कळल्यावर तिनं त्याच दिवशी खुरपं हातात घेतलं.

आता ती सळई तिच्या नडगीइतकी वर आली होती.

घरी नवरा पाठ शेकत बसला होता. बस दुरुस्त करण्यात त्याची पाठ गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

“सुट्टी दिली? मग घे की. जगात माणसं काहीतरी उगवायचा पगार घेतात. माझी बायको न उगवायचा घेते. त्यातही रजा मिळते म्हणजे भाग्यच.”

“हसा तुम्ही.”

“हसू नको तर काय करू? उद्या तू गेलीस, आडवी पडलीस, तर काय होईल? तुला काढतील. तू एकदा बाहेर गेलीस की तुझ्या टकलाला कोण विचारतंय?”

“आणि मी नाही गेले तर?”

“तर उद्या संध्याकाळी ते हिरवं असेल आणि तू नोकरीत असशील.”

“नोकरीत राहून करू काय? हिरवळीला पाणी घालू?”

नवऱ्यानं शेकायची पिशवी बाजूला ठेवली. बायको ओरडते तेव्हा घाबरायचं नसतं, ती असं हळू बोलते तेव्हा घाबरायचं असतं, एवढं संसारानं त्याला शिकवलं होतं.

“वडलांचं अंगण गेलं तेव्हा कुणी बघत नव्हतं,” आक्का म्हणाली. “हे मी बघतेय. बघत असताना कसं जाऊ देऊ?”

त्यानं शेकायची पिशवी उचलून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, “सकाळी मला उठव. मी पण येतो. मला तर काही कुणी कामावरून काढू शकत नाही.”

सकाळी दोघं उतारावर पोचली तेव्हा उशीर झाला होता. साहेबांना आक्का नीट माहीत होती. त्यांनी आदल्या संध्याकाळीच, ती घरी गेल्यावर, माणसं लावली होती. वरच्या अंगाला टकलाचा मोठा तुकडा हिरवागार झाला होता आणि त्यावर पाणीही मारलेलं होतं. अंधार पडला म्हणून खालचं राहिलं होतं.

आक्कानं अवजारांच्या छपरातून फळी आणली, आडवी टाकली. नवऱ्याला दुसरी फळी दिली.

“टकलावर पाय पडू देऊ नका.”

“पाठ वाकत नाही तर पाय कुठला पडतोय,” तो म्हणाला. पण बसला, आणि त्यानं आपल्या बाजूची कड धरली. घरात रोज सकाळी दोघं मिळून अंथरूण गुंडाळत, तशीच त्यांनी ती हिरवळ गुंडाळायला घेतली. एक वळकटी झाली. दुसरी झाली. खालची जमीन पुढं आली तसा आक्काचा हात थांबला. तिच्या फिकट, कण्या कण्या झालेल्या मातीवर काळी, ओली, खताच्या वासाची माती पसरली होती. तिनं बोटांनी चिवडून बघितलं. काळी वरवर नव्हती. रात्रीच्या पाण्यानं ती आत उतरली होती.

“खरवडून काढू या?” नवऱ्यानं विचारलं.

“खरवडलं तर आपली पण जाईल.”

“मग?”

इतक्या वर्षांत आक्कानं मुळाची मातीसुद्धा जिथल्या तिथं झटकली होती. आणि आता हे. तिनं डोळे पुसले नाहीत, हात मातीचे होते. शेवटी तिनं पिशवीतून सुतळी काढली आणि जिथपर्यंत परकी माती आली होती तिथं पत्र्यापासून पत्र्यापर्यंत ताणून बांधली. सुतळीच्या वर जे आहे ते बाटलं. खाली अजून टक्कल आहे. जे गेलं ते झाकायचं नाही, उरलं ते सोडायचं नाही. सळई सुतळीच्या खाली होती. तेवढी देवाची दया.

मग तिनं आपली फळी सुतळीखाली सरकवली आणि खुरपायला बसली.

माळी आला. त्यानं वळकट्या बघितल्या, सुतळी बघितली, फळीवरच्या दोघांना बघितलं.

“आक्का, उठा आता. नाहीतर माझी चामडी जाईल.”

“साहेबांना सांग, म्हातारी उठत नाही.”

“आणि हे कोण?”

“म्हातारीचा नवरा,” नवरा म्हणाला. “मी पण उठत नाही. मला उठवायला दोन माणसं लागतात.”

माळी खाली गेला. साहेबांना त्यानं काय सांगितलं ते नंतर सगळ्या संस्थेत पसरलं. “साहेब,” तो म्हणाला, “खाली माणूस बसलेलं असताना वरून हिरवळ टाकायची आमच्यात पद्धत नाही.”

आता साहेबांना वेळच नव्हता. पाहुणे फाटकातून आत आले होते. साहेब त्यांना झाडांच्या पट्ट्यापाशी बराच वेळ घोळवत होते, गवतापाशीही थांबवत होते. पण चौथा पट्टा तिसऱ्याच्या शेजारीच असतो, त्याला कुणाचा इलाज नसतो. पाहुण्यांत काळा चष्मा लावलेल्या एक बाई पुढं होत्या. त्या टकलापाशी थांबल्या.

“इथं काही उगवत नाही वाटतं?”

“दुरुस्ती चालू आहे,” साहेब घाईनं म्हणाले.

“उगवतं की,” आक्का फळीवरून म्हणाली. “रोज उगवतं. मी उगवू देत नाही.”

बाईंनी चष्मा वर केला. “का?”

आक्कानं साहेबांकडे बघितलं. तिला वाटलं, आता हे सांगतील. फळीवर बसून मला सांगितलं होतं तसं सांगतील. साहेबांचे ओठ हलले, पण त्यांचं लक्ष कुंपणापलीकडच्या इमारतींवर होतं, आणि शब्द काही आले नाहीत. मग आक्कानंच सळईवर हात ठेवला.

“ही मी आले तेव्हा जमिनीबरोबर होती, बाई. एवढी माती गेली. पलीकडं पहिल्या पट्ट्यात झाडाखाली असलीच सळई आहे, ती शोधायला अजून पाला बाजूला करावा लागतो. हा पट्टा झाकला तर उघडी जमीन किती जाते ते कोण सांगणार? आणि ते सांगणारं कुणी नसलं, की मग सगळ्याच जमिनी उघड्या टाकायला बरं.”

“अहो, पण एवढ्या हिरव्या टेकडीवर हे जरा…” बाईंनी योग्य शब्द शोधला. “उदास दिसतं.”

“दिसतंच,” आक्का म्हणाली. “ते उदासच आहे.”

बाई हसल्या, चांगल्या मनानं हसल्या, आणि पुढं गेल्या. त्यांनी झाडांचे फोटो काढले. साहेब त्यांच्यामागून चालत गेले. जाताना त्यांनी सुतळीकडे बघितलं, आणि तिला वळसा घालून गेले.

पुढं जे व्हायचं ते झालं. आक्काची बदली बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली, आणि टेकडी घरांना गेली. ती टकलामुळे गेली, की जाणारच होती, हे कुणी सांगू शकलं नसतं. कुंपणाचा एक भाग पाडला गेला. खाली पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं. आधी झाडं निघणार होती, मग बाकीचं.

आक्का सकाळी बाटल्यांच्या कामावर रुजू व्हायच्या आधी उतारावर जायची. कुणी जा म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. फळी टाकायची, बसायची, आणि देवाशी ठरलेलं पुढं चालू ठेवायची. तोही काही कमी नव्हता; टेकडी विकली गेली हे त्याला कुणी कळवलं नसावं, इतक्या उत्साहानं तो पेरत होता. सुतळीच्या वर तर गवतानं नुसती दाटी केली होती, ते आक्कानं राहू दिलं; परकी माती तेवढीच वर धरून राहील. ते आता त्याचं. सुतळीखाली मात्र काडी नव्हती.

एका सकाळी साहेब आले. टोपी नव्हती. ते फळीच्या टोकाशी येऊन उभे राहिले.

“आता कशाला, आक्का?”

“ढग आलेत, साहेब. हौद रिकामा आहे. शेवटचा पाऊस तरी नीट मोजला जाऊ दे.”

“त्या दिवशी तुम्ही झाकू दिलं असतं तर कदाचित…”

“कदाचित,” आक्का म्हणाली. तिनं तो शब्द टाळला नाही, झेलून घेतला. “रात्री उठून मी पण तोच विचार करते. पण माझ्या हातानं झाकलं नसतं, साहेब. आजही नाही झाकणार.”

खाली कुणीतरी यंत्र चालू करून बघितलं. त्याचा आवाज उतारावर आला आणि थांबला. साहेब ऐकत उभे होते. मग त्यांनी विजारीचे पाय वर ओढले, गुडघे टेकून खाली बसले, आणि फळीचं आपल्या बाजूचं टोक दोन्ही हातांनी धरलं.

आक्कानं समोरचा कोंब उपटला. कपाळाला लावला. मुळाची माती जिथल्या तिथं झटकली.

“हं,” ती म्हणाली, “वीतभर पुढं घ्या.”